माझ्या दुकानाचं बिल आणि गावाकडची लाइन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये वीज कामगारांच्या युनियनबद्दल जे छापून येतंय ते वाचून लिहायला बसलेय. जनतेला वेठीस धरतात, स्वतःच्या नोकऱ्या वाचवायला संप करतात, एकदा खासगी कंपनी आणा म्हणजे सरळ होतील, असा साधारण सगळ्यांचा सूर. मी कुठल्या युनियनची मेंबर नाही, घरात कुणी महावितरणमध्ये नाही, पक्षाबिक्षाशी तर काही संबंधच नाही. धनकवडीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लाइट गेली की माझा धंदा बंद, त्यामुळे संपाचा त्रास काय असतो ते मला कुणी सांगायला नको. तरीही खासगीकरणाच्या विरोधात युनियनवाले जी मोहीम चालवतायत तिच्या मी बाजूची आहे आणि का ते जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवटचं ठेवा.

जानेवारी २०२३ चा संप आठवतोय का कुणाला? ३ तारखेच्या मध्यरात्रीपासून ७२ तासांचा पुकारला होता. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती तिन्ही कंपन्यांचे मिळून ८६ हजारांच्या आसपास कायम कर्मचारी आणि वर ४० हजारांहून जास्त कंत्राटी, तीसच्या आसपास संघटना, लाल झेंड्यापासून भगव्यापर्यंत सगळे एकत्र. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला तरी गेले. पुण्यातही सकाळी काही भागांत लाइट नव्हती, लोक चिडले, ते मी समजू शकते. पण मुख्य मागणी काय होती? पगारवाढ नव्हती की बोनस नव्हता. अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचं समांतर लायसन्स, म्हणजे महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीने वीज विकायची परवानगी, मागितलं होतं, त्याला विरोध म्हणून संप. संपाच्या पहिल्याच दिवशी मुंबईत तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीसांबरोबर मीटिंग झाली, ऊर्जाखातं तेव्हा त्यांच्याकडेच होतं, त्यांनी सांगितलं की सरकारला वीज कंपन्यांचं खासगीकरण करायचं नाही, उलट तीन वर्षांत ५० हजार कोटी या कंपन्यांमध्ये घालू, आणि संप तिथेच मागे घेतला. ७२ तासांचा संप एका दिवसात संपला. स्वतःसाठी एक रुपया न मागता एवढी माणसं मेस्मा डोक्यावर असताना कामावरून उठतात, तर ती काय सांगतायत ते निदान ऐकून तरी घ्यावं एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ते काय सांगतायत. मला ते पत्रकं वाचून कळलं नाही (पत्रकांबद्दल पुढे लिहितेय), माझ्या स्वतःच्या बिलावरून कळलं. माझं कनेक्शन कमर्शियल आहे. घरगुतीच्या पहिल्या स्लॅबला, म्हणजे महिन्याला १०० युनिटच्या आत वापरणाऱ्याला जो दर लागतो त्यापेक्षा माझा दर बराच जास्त आहे. फॅक्टरीवाल्यांचं, मॉलचं, आयटी पार्कचं तेच. वीज तयार करून आणून पोचवायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा आम्ही जास्त देतो आणि तो जो वरचा पैसा असतो त्यातून शेतीपंपाचा, छोट्या घराचा, लांबच्या वाडीचा दर खाली ठेवला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. हे काही मनातलं गणित नाही, वीज नियामक आयोग दर ठरवतो तेव्हा त्याच्या ऑर्डरमध्येच कुठल्या वर्गाकडून खर्चापेक्षा किती जास्त आणि कुठल्याकडून किती कमी घेतलं जातं ते लिहिलेलं असतं.

म्हणजे खरं बघितलं तर नवी कंपनी आली तर फायदा माझा व्हायला हवा. ती कंपनी मला येऊन म्हणेल ताई तुम्हाला युनिटमागे दोन रुपये कमी लावतो, आमच्याकडे या. मी गेले, शेजारचा मेडिकलवाला गेला, कोपऱ्यावरचं हॉटेल गेलं, हिंजवडीतल्या कंपन्या गेल्या, चाकणचे कारखाने गेले. महावितरणकडे मग राहिलं कोण? माझं माहेर भोर तालुक्यात आहे, वर डोंगराच्या अंगाला वाडी, मेन लाइनपासून कितीतरी खांब टाकून तार वर नेलेली आणि शेवटाला घरं मोजकी, प्रत्येक घरात दोन-तीन बल्ब, एक टीव्ही आणि मिक्सर. तिथून महिन्याला जमा होणाऱ्या बिलातून पावसाळ्यात पडलेला एक खांबसुद्धा उभा राहणार नाही. ती लाइन माझ्या दुकानाच्या बिलावर उभी आहे, हे मला समजलं तेव्हापासून ते बिल भरताना मला तेवढं जड वाटत नाही. साय एकाने उचलून न्यायची आणि तळाची खरवड सरकारी कंपनीला ठेवायची, आणि वर दोन वर्षांनी म्हणायचं बघा सरकारी कंपनी तोट्यात गेली, हे होणार आहे. समांतर लायसन्स ठाणे-नवी मुंबईचं मागितलं जातं, गडचिरोलीचं कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कुणी म्हणेल शेतकऱ्याला तर आता वीज फुकटच आहे. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून सरकार भरतंय, बरोबर आहे. पण ते पैसे सरकार देणार आपल्याच टॅक्समधून, आणि क्रॉस सबसिडी देणारा ग्राहक निघून गेला की सरकारला भरावी लागणारी रक्कम वाढणार, मग एक दिवस तिजोरीत पैसे नाहीत म्हणून योजना बंद होणार. माझ्या दादाने पंप चालवायचा की नाही हे असल्या हिशोबावर ठरायला नको.

दुसरा मुद्दा असा येतो की खासगीवाले काम तरी नीट करतात. याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही कारण महाराष्ट्रात हे करून झालंय. भिवंडीत जानेवारी २००७ पासून टोरंट कंपनी फ्रँचायझी आहे, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज पोचवायचं आणि बिल वसूल करायचं काम ती करते. तिथली वीजगळती खूप कमी झाली हे खरं आहे आणि युनियनच्या लोकांनीही ते मान्य करावं, उगाच नाकारू नये, कारण आधी तिथे निम्म्याहून जास्त वीज हिशोबातच येत नव्हती. तिथल्या बिलांवरून आणि वसुलीच्या पद्धतीवरून मोर्चे निघालेत तेही तितकंच खरं. पण भिवंडीचं नाव घेणारे नागपूर, औरंगाबाद, जळगावचं नाव घेत नाहीत. २०११ मध्ये तिन्ही शहरांत फ्रँचायझी दिल्या. औरंगाबादची २०१४ मध्ये काढून घ्यावी लागली, जळगावची २०१५ मध्ये गेली, नागपूरची २०१९ मध्ये कंपनीने हात वर केले. प्रत्येक वेळी परत कुणी सांभाळलं? महावितरणने. तेच वायरमन, तेच इंजिनिअर, ज्यांना आपण कामचुकार म्हणतो ते रात्रीतून चार्ज घ्यायला गेले. खासगी कंपनीला परवडलं नाही तर ती निघून जाऊ शकते, सरकारी कंपनीला निघून जाता येत नाही, मला वाटतं सगळा फरक इथे आहे.

आणि एन्रॉन, दाभोळला वीज प्रकल्प काढणारी अमेरिकन कंपनी, विसरलो का आपण? १९९२ ला करार करायचं ठरलं, आधी रद्द मग पुन्हा चालू, १९९९ ला दाभोळची वीज यायला लागली आणि ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये वीज मंडळाला ती घेणं बंद करावं लागलं. तो करार कसा आपल्या अंगावर येणार आहे हे आकडे मांडून सांगणारी प्रयास ही संस्था आपल्या पुण्यातलीच. तेव्हाही विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हटलं गेलं होतं.

निसर्ग वादळ आलं जून २०२० मध्ये, रायगडमध्ये खांब आडवे झाले, आपल्याकडे मावळ, मुळशी, जुन्नरकडेही बरीच पडझड झाली. लॉकडाऊन चालू होतं. तेव्हा इतर जिल्ह्यांतून लाइनमनच्या टीम कोकणात पाठवल्या, शाळांमध्ये मुक्काम करून माणसांनी खांब उभे केले. आदल्या वर्षी कोल्हापूर-सांगलीच्या पुरात पण असंच, कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन सबस्टेशन चालू केली. हे होऊ शकलं कारण कंपनी एक होती आणि तिला राज्यभरातली माणसं हलवता येत होती. तालुक्या-तालुक्याला वेगळा ठेकेदार असता तर कुणी कुणाची माणसं पाठवली असती, आणि बिल कुणाच्या नावावर फाडायचं यावर आधी आठ दिवस पत्रव्यवहार झाला असता.

महावितरण फार चांगली चाललीय असं मी म्हणत नाही. सरासरी बिलं, चुकीचं रीडिंग, कंप्लेंट केली की नुसता नंबर मिळतो, हे सगळ्यांना माहितीय. पण जरा नीट बघा, सगळ्यात जास्त शिव्या ज्या कामाला पडतात ते रीडिंगचं काम कोण करतं? खासगी एजन्सी. २०२२ मध्ये महावितरणलाच अशा अनेक एजन्सी चुकीचं रीडिंग घेतात म्हणून काढून टाकाव्या लागल्या. म्हणजे जिथे आधीच खासगी करून झालंय तिथली घाण सरकारी कंपनीच्या नावावर जमा होते आणि ती दाखवून उरलेलंही खासगी करा म्हणायचं. स्मार्ट मीटरचंही तसंच, सव्वादोन कोटी मीटर, एका मीटरला सुमारे १२ हजार खर्च, कंत्राटं खासगी कंपन्यांना. लोकांनी आणि युनियननी मिळून आरडाओरडा केला तेव्हा जून २०२४ मध्ये जाहीर झालं की सामान्य घरगुती ग्राहकाला प्रीपेड मीटर लावणार नाही. ओरडलो नसतो तर आज मोबाइलसारखा रिचार्ज संपला की घरात अंधार झाला असता.

पुण्यात राहून पीएमपीएमएलचा, म्हणजे शहरातल्या बसचा, विषय न काढता पुढे जाता येणार नाही. २००७ ला पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून ही कंपनी झाली आणि हळूहळू ठेकेदाराच्या गाड्या वाढत गेल्या. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, गाडीत माणसं किती, गाडी वेळेवर आली का, म्हातारं माणूस चढायच्या आत ड्रायव्हरने गाडी हलवली का, याच्याशी त्याच्या बिलाचा फार संबंध नाही. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी अचानक गाड्या बंद केल्या आणि अर्धं शहर स्टॉपवर उभं राहिलं. हे पण वेठीस धरणंच झालं ना? मग तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही की ठेकेदारांना मेस्मा लावा. जून २०२५ ला तिकीट वाढलं, पाच रुपयांचं दहा झालं, महिन्याचा पास ९०० वरून १५०० वर गेला. माझ्या दुकानात काम करणारी मुलगी कात्रजवरून येते, तिच्या पगारातून हे सहाशे रुपये जातात. ठेका दिला की खर्च वाचतो असं सांगितलं होतं, मग हे पैसे गेले कुठे ते एकदा सांगा.

खडकीचं बघा. दारूगोळ्याची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, दीडशे वर्षं सरकारी. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या, विकल्या नाहीत, फक्त कंपन्या केल्या असं सांगतात. पण त्याच्या आधीच संपावर बंदी घालणारा वटहुकूम काढला आणि लगेच त्याचा कायदाही केला. विकायचं नव्हतं तर तोंड बंद करायची घाई कशासाठी, हा प्रश्न खडकीतल्या कामगाराने विचारला तर त्यात चूक काय? एस. एम. जोशींनी ज्या संरक्षण कामगारांचं नेतृत्व केलं त्यांच्या फेडरेशनचं ऑफिस आजही खडकीत आहे, पण पुण्यातल्या किती लोकांना त्यांची ही लढाई माहितीय? वीज मंडळाचंही २००५ मध्ये असंच झालं होतं, आधी एकाच्या वेगवेगळ्या कंपन्या, मग एकेका तुकड्याचा वेगळा विचार. दुसरीकडे बँक ऑफ महाराष्ट्र, पुण्यात १९३५ ला स्थापन झालेली आपली बँक. २०२१ च्या बजेटमध्ये दोन सरकारी बँका विकायचं जाहीर झालं तेव्हा तिचंही नाव बातम्यांत होतं. मार्च आणि डिसेंबरमध्ये देशभर बँकवाल्यांनी संप केले, डिसेंबरच्या अधिवेशनात येणार म्हणून यादीत असलेलं बिल मांडलंच गेलं नाही आणि लोकमंगलवर, म्हणजे बँकेच्या पुण्यातल्या मुख्य ऑफिसवर, अजून सरकारचीच पाटी आहे. संप करून काय मिळतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता युनियनवाल्यांना सांगायचंय, आणि हे मी आपलं माणूस म्हणून सांगतेय. तुमची पत्रकं आम्हाला कळत नाहीत. टीबीसीबी, समांतर परवाना, फ्रँचायझी, पुनर्रचना, हे वाचून दुकानात आलेला माणूस कागद घडी करून खिशात घालतो आणि विसरतो. त्यापेक्षा बिलाची एक झेरॉक्स घ्या आणि त्यावर लाल पेनने लिहा की यातला हा पैसा कुठे जातो, खासगी झाल्यावर कुठे जाईल. तुम्ही आमच्याकडे येता ते संपाच्या आदल्या दिवशी, सहकार्य करा म्हणायला. सोसायट्यांच्या मीटिंगला या, गणपतीच्या मंडळांत या, बचत गटात या, सहा महिने आधी या.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंत्राटी कामगार. पोलवर चढणारा मुलगा आता बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो. त्याच कामाला त्याच्या शेजारच्या कायम जनमित्राला (महावितरणमध्ये लाइनमनला हेच म्हणतात) जेवढा पगार आहे त्याच्या जवळपासही त्याला मिळत नाही, शॉक लागला तर त्याच्या बायको-पोरांनी कुणाच्या दारात जायचं तेही धड ठरलेलं नसतं. खासगीकरण पुढे कधीतरी येणार आहे असं तुम्ही म्हणता, त्या मुलासाठी ते कधीच आलंय. इतकी वर्षं भरती थांबली, जागा रिकाम्या राहिल्या, ठेकेदार आत आले, तेव्हा कायम लोकांच्या संघटना आपापल्या मागण्यांतच राहिल्या असं मला वाटतं आणि त्याची किंमत आज सगळे मोजतायत. २०२३ च्या संपात कंत्राटी पण उतरले होते, ते त्यांनी नोकरी पणाला लावून केलं होतं. त्यांचा प्रश्न मागण्यांच्या यादीत तळाला टाकू नका, पहिला घ्या. त्याच वर्षी सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता आणि स्पर्धा परीक्षा देणारी पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरमध्ये तो जीआर रद्द करावा लागला. ती पोरं तुमच्या मोहिमेत का नाहीत? त्यांनाच तर या जागा हव्यात.

आणि फक्त नको नको म्हणून चालत नाही हे पण पुण्याने दाखवलंय. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरा वेचणाऱ्या बायकांची युनियन. पुढे त्यातूनच स्वच्छ सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. ती सरकारी नोकरी नाही, त्यातही अडचणी आहेत, मधूनमधून त्यांचं काम काढून मोठ्या ठेकेदाराला द्यायच्या हालचाली होतात आणि बायकांना पुन्हा पुन्हा महापालिकेच्या दारात बसावं लागतं. पण युनियनने स्वतः सांगितलं की हे काम असं करता येईल आणि करून दाखवलं. वीज युनियनमध्ये तर इंजिनिअर आहेत, गळती कुठे होते, कुठल्या फीडरवर चोरी आहे, कुठला ट्रान्सफॉर्मर कायम ओव्हरलोड आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती नाही. आम्ही पुणे परिमंडळाची गळती इतकी खाली आणून दाखवतो, आम्हाला एवढी माणसं आणि एवढं साहित्य द्या, असा कागद एकदा लोकांसमोर ठेवा. मग ज्यांनी तुमच्याविरुद्ध पत्रं लिहिलीत त्यातले निम्मे तुमच्या बाजूला येतील, मला खात्री आहे.

शेवटी तुमच्याकडे एक विनंती. वीज दरवाढ असो की नवीन लायसन्स, वीज नियामक आयोग निर्णय घ्यायच्या आधी लोकांकडून लेखी हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे बोलायला वकील लागत नाही, साधा ग्राहक हरकत देऊ शकतो. पण त्याची जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, भाषा अशी की दोनदा वाचूनही कळत नाही, आणि लक्षात येईपर्यंत मुदत संपलेली असते. पुढच्या वेळी अशी जाहिरात आली की तुम्ही ती पहिल्या पानावर साध्या मराठीत बातमी म्हणून द्या, हरकत कुठे पाठवायची, कुठल्या तारखेपर्यंत, सुनावणी कधी, एवढं ठळक छापा. युनियनच्या लोकांनीही हरकतीचा एक नमुना मराठीत तयार करून तुमच्याकडे द्यावा. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी आपलं वीजबिल घेऊन माझ्या दुकानात यावं, अर्ज मी टाइप करून देईन, प्रिंट आणि झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक वीजग्राहक
धनकवडी, पुणे